एका कडेने चिकटवलेल्या पट्ट्या

सकाळी चहाचं आधण ठेवलं होतं आणि फोन वाजला. चौथ्या मजल्यावरून घरत वहिनी बोलत होत्या. "बाई, तुमी वर या. हे उठत नाय." एवढंच म्हणाल्या आणि फोन तसाच चालू ठेवून त्यांना हाका मारायला गेल्या. त्या हाका मला फोनमधून ऐकू येत होत्या आणि जिन्यातूनही. मी वर पोचले तेव्हा घरत सर कॉटवर पडले होते, अंघोळ झालेली, अंगावर स्वच्छ धुतलेला सदरा. टेबलावर त्यांचं ते जाडजूड पुस्तक उघडं होतं आणि शेजारी वाटीत खळ, तिच्यात ब्रश उभा. पहाटे उठून, खळ शिजवून कामाला बसले होते. अस्वस्थ वाटतंय म्हणून जरा आडवे झाले... ते झालेच.

वहिनी म्हणाल्या, "रुबिनाला फोन केलाय. ती निघाली हाय." रुबिना म्हणजे सरांची विद्यार्थिनी, आता आमच्या पनवेलच्याच एका इस्पितळात नर्स आहे. ती रुळांच्या पलीकडून, गावाच्या दुसऱ्या टोकावरून, रिक्षा करून येईपर्यंत नाक्यावरचे डॉक्टर येऊन, मान हलवून, खाली उतरलेसुद्धा होते. ती आली, तिने सरांचं मनगट हातात धरलं आणि बराच वेळ धरूनच ठेवलं. मी दारात उभी होते. माझ्या पाठीशी समोरच्या फ्लॅटचं दार होतं. त्या दाराला कुलूप होतं. तो फ्लॅटही सरांचाच, मुलासाठी घेतलेला, पण मुलगा नोकरीपायी बंगळूरला गेला तो तिकडचाच झाला. त्या फ्लॅटमध्ये रुबिना आणि तिची आई राहणार होत्या. मी गणिताची बाई आहे, डॉक्टर नाही. ती समोर राहत असती तर सर वाचले असते, असं मी म्हणणार नाही. पण त्या कुलपाकडे बघून त्या सकाळी मला रडू आलं नाही, शिसारी आली. आज काही आठवडे झाले, ती अजून गेलेली नाही. तेव्हा वाचकांनी या लेखात गोड काही शोधू नये.

घरत सर आमच्या शाळेत इतिहास-नागरिकशास्त्र शिकवायचे. नागरिकशास्त्र म्हणजे इतिहासाच्या पुस्तकाला शेवटी बांधलेलं शेपूट, हे आपल्याला सगळ्यांना ठाऊक आहे. परीक्षा तोंडावर आली की बाई किंवा सर म्हणतात, 'हे घरी वाचा', आणि देशाचा कारभार कसा चालतो ते शिकणं तिथेच संपतं. सरांचा खाक्या उलटा. जूनमध्ये ते नागरिकशास्त्रानेच सुरुवात करायचे आणि इतके रमायचे की इतिहास मागे पडायचा. हेडमास्तर चिडायचे, "घरत, पानिपत कधी व्हायचं?" सर शांतपणे म्हणायचे, "होईल हो. ते काही टळत नाही."

त्यांचं ते पुस्तक म्हणजे भारताच्या संविधानाची सरकारी मराठी प्रत. नोकरीला लागल्यावर पहिल्या वर्षी घेतलेली. संविधानात दुरुस्ती झाली की लोक नवी प्रत घेतात. सरांनी कधीच घेतली नाही. ते दुरुस्तीचा मजकूर पातळ कागदाच्या पट्टीवर स्वतःच्या हाताने उतरवायचे, पिठाची खळ शिजवायचे, किडे लागू नयेत म्हणून तिच्यात चिमूटभर मोरचूद टाकायचे आणि ती पट्टी जुन्या मजकुरावर चिकटवायचे. पण कशी? फक्त एका कडेने. म्हणजे पट्टी दाराच्या झडपेसारखी उचलता आली पाहिजे आणि खालचं जुनं वाचता आलं पाहिजे. शंभरावर दुरुस्त्या झाल्यात. ते पुस्तक फुगून मिटेनासं झालं होतं. स्टाफरूममध्ये आम्ही चेष्टा करायचो, "सर, कितवा महिना?" तेही हसायचे. मग एकदा मी विचारलं, की जे रद्दच झालंय ते दिसायला कशाला हवं, सरळ खोडून टाका की. त्यांनी पान उघडून दाखवलं. आणीबाणीत आलेली एक पट्टी होती, आणि थोड्याच वर्षांत तिच्यावर आलेली दुसरी. त्यांनी एक उचलली, मग दुसरी उचलली, खाली मूळ मजकूर. म्हणाले, "बाई, खोडलं की आपण कधी चुकलोच नव्हतो असं होतं. पोरांना दिसू दे, इथे घसरलो होतो आणि इथे सावरलो."

सर मूळचे गव्हाणचे. घरची भातशेती नव्या शहराच्या योजनेत गेली. त्यांचे वडील एकदा शाळेत आले होते, डोक्याला फडका, पायात चिखलाच्या रेघा. सरांनी त्यांना स्टाफरूममध्ये माझ्यासमोरच पुस्तक दाखवलं, की संपत्तीचा हक्क आधी मूलभूत हक्कांत होता, मग दुरुस्ती झाली आणि तो तिथून काढून दुसरीकडे, साध्या हक्कांत ठेवला. म्हाताऱ्याने ती पट्टी बोटाने उचलून पाहिली, परत टेकवली. "म्हंजे आमची शेती या पट्टीखाली गेली, आसंच ना?" सर म्हणाले, "नाय बाबा, शेती कायद्यान गेली. पन कोर्टात उबा रावाची आपली जागा जरा मागं गेली, ती या पट्टीन." दुसरा कुणी असता तर त्याने ते पुस्तक चुलीत घातलं असतं. सर मात्र त्यानंतरच्याही सगळ्या पट्ट्या तितक्याच निगुतीने चिकटवत राहिले. याचं मला तेव्हा आश्चर्य वाटायचं, आणि खरं सांगायचं तर रागही यायचा.

त्यांचा एक तास मी वर्गाबाहेर उभी राहून ऐकला होता. माझा पुढचा तास होता आणि सर काही संपवेनात. विषय होता संविधानाची मूलभूत चौकट. सर विचारत होते, "गल्लीत क्रिकेट खेळताना नियम बदलता का रे?" पोरं ओरडली, "हो सर! एक टप्पा आउट! भिंतीला लागला तर दोन रन!" "छान. मग उद्या सगळ्यांनी मिळून ठरवलं, की ज्याची बॅट तो कधीच आउट नाही, तर?" वर्गात गलका झाला. मागच्या बाकावरून एक बारीक वेणीवाली मुलगी उभी राहिली. म्हणाली, "सर, मग तो खेळच नाही राहिला. मग मी घरी जाणार." सर इतके खूश झाले की खडू ठेवून टाळ्या वाजवल्या. ती रुबिना.

आणि त्यांची एक शिक्षा होती, ती सांगितलीच पाहिजे, कारण सगळं पुढे तिच्यापाशीच येऊन अडकलं. सरांनी कधी कुणावर हात उगारला नाही. पोराने काही वावगं केलं की ते त्याला कोरा कागद द्यायचे. "काय केलंस ते तुझ्या शब्दांत लिही. 'चूक झाली' असं लिहायचं नाही. काय केलंस ते लिही." भलेभले दांडगट दुसऱ्या ओळीला रडायचे. महेश नावाचा एक मुलगा सातवीत असताना शेजाऱ्याचा डबा रोज चोरून खायचा. तो लिहायला बसला आणि 'त्याच्या आईने त्याच्यासाठी दिलेली पोळी' इथपर्यंत येऊन हुंदके द्यायला लागला. हे सरांनी मला कितीदा सांगितलं असेल! त्यांचा सिद्धांतच होता. म्हणायचे, "हक्क मोडला तर कोर्ट आहे, बाई. कर्तव्य मोडलं तर फक्त लाज आहे. बंधुभाव ठेवा असं लिहिलंय यात, कर्तव्यांमध्ये, तेही मागाहून जोडलेलं, पट्टीवर. नाही ठेवला तर कुणी तुरुंगात घालत नाही. पण माणसाला स्वतःच्या हाताने लिहायला लावलं ना, की तो लाजतो."

तोच महेश आता आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी आहे.

सरांनी रुबिनाला फ्लॅट द्यायचं ठरवलं, ते अगदी साध्या कारणाने. इस्पितळ इथून चालत जाण्याच्या अंतरावर आहे, तिच्या आईचे गुडघे गेलेत आणि आमच्याकडे लिफ्ट आहे. समितीला रीतसर कळवलं. दोन दिवसांत कुजबुज सुरू झाली. मग सर्वसाधारण सभेत महेशने एक ठराव आणला, की सदनिका 'संस्थेच्या वातावरणाशी सुसंगत' अशाच कुटुंबांना भाड्याने द्याव्यात. सर उठले. "वातावरण म्हणजे काय?" महेश म्हणाला, "सर, तुम्हाला कळतंय ना... फेस्टिव्हल्स असतात, लेडीज असतात. कायदा वेगळा आणि प्रॅक्टिकल वेगळं." मागून कुणीतरी म्हणालं, "नॉनव्हेजचा वास येतो." तेव्हा घरत वहिनी बसल्या जागेवरून बोलल्या, "माज्या घरान रोज म्हावरा शिजतो. आदी मला काडा. आन महेश, तू उरण नाक्यावं पापलेट घेताना मला भेटतोस, ते कशाला, आरतीला?" सभेत हशा पिकला. महेशही हसला. वास मागे पडला.

खरी गोष्ट अशी, की तो शब्द, रुबिनाच्या धर्माचं नाव, त्या सभेत कुणीही उच्चारत नव्हतं. तोंडात ठेवून सगळे चघळत होते. दिवाळीला माझ्याकडे ताट पाठवणाऱ्या, गणपतीत माझ्या शेजारी उभं राहून टाळ्या वाजवणाऱ्या सुशिक्षित बायका जमिनीकडे बघत होत्या. आणि सरांनी त्यांचं जुनं शस्त्र काढलं. म्हणाले, "ठीक आहे. नियम बदलायचा तुम्हाला अधिकार आहे असं धरू. पण दुरुस्ती करताना काय काढतोय आणि काय घालतोय ते स्पष्ट लिहावं लागतं. 'वातावरण' चालणार नाही. महेश, कुणाला घर द्यायचं नाही ते लिही. तुझ्या शब्दांत." आणि कोरा कागद त्याच्यापुढे सरकवला.

सरांनी माझ्याकडे पाहिलं आणि किंचित हसले. ते हसणं मी विसरू शकत नाही. त्यांना वाटलं, जिंकलो. त्यांना वाटलं, दुसऱ्या ओळीला हा रडणार.

महेशने पेनाचं टोपण काढलं आणि लिहिलं. थांबला नाही, खोडलं नाही. सरांनीच घटवून घेतलेलं सुंदर, गोल अक्षर. मग खणखणीत आवाजात वाचून दाखवलं, की अन्य धर्माच्या कुटुंबास संस्थेतील सदनिका भाड्याने देण्यात येऊ नये. "ठीक आहे ना, सर?" आणि हात वर झाले. भराभरा, जसे पाणीपुरवठ्याच्या ठरावाला होतात तसे. सर, वहिनी, मी आणि अजून दोघंचौघं सोडून सगळ्यांचे. मला त्या हातांची इतकी किळस आली, की पुढे कित्येक दिवस त्यातल्या कुणी लिफ्टचं दार धरून ठेवलं तरी मी आत जात नसे.

सभेनंतर सर जिन्यात बसले. म्हणाले, "चूक माझी, बाई. ते झाकून करत होते, मीच उघडं करायला लावलं. ही मोठी माणसं आहेत हे मी विसरलो." मी म्हटलं, निदान आता पुरावा तरी आहे, असा ठराव कायद्यात बसणार नाही. ते म्हणाले, "हो, तेही आहे. लिहिलेलं दुरुस्त करता येतं. मनातल्याचं काय करायचं?" त्यांनी उपनिबंधकांच्या कार्यालयात तक्रार केली. तिथल्या चकरा मी त्यांच्याबरोबर मारल्या. साहेब मीटिंगला गेलेत, साहेब रजेवर आहेत, फाईल दुसऱ्या टेबलावर आहे. रुबिना त्यांना एकदा भेटायला आली. "सर, जाऊ द्या ना. अम्मी म्हणते, जिथे दिल नाही तिथे घर कशाला? मला तमाशा नको." सर म्हणाले, "तू तेव्हा म्हणाली होतीस, मग मी घरी जाणार. आठवतं? तुला घरी जाता येईल. मला नाही येत, मी इथेच राहतो."

ठरावाची प्रत नियमाप्रमाणे तळमजल्यावर, लिफ्टशेजारच्या काचेच्या फलकात लागली. लिफ्टची वाट बघत तिच्यासमोर उभं राहायला नको म्हणून सर जिन्याने चढायला लागले. चौथा मजला, त्या वयात. मी ओरडले तर म्हणाले, "व्यायाम होतो." कसला व्यायाम... मध्येच दुसऱ्या मजल्यावर माझ्या दारात टेकायचे, पाणी प्यायचे आणि उठायचे.

आणि मग शोकसभा. गेटवर फ्लेक्स लागला. त्यावर सर कोपऱ्यात आणि कुण्या स्थानिक पुढाऱ्याचा हात जोडलेला फोटो त्यांच्या दुप्पट. 'संविधानाचे गाढे अभ्यासक, आमच्या संस्थेचे भूषण.' सभेत महेश बोलला. डोळे पुसत म्हणाला, "सरांनी मला लिहायला शिकवलं." माझ्या अंगावर काटा आला, आणि तो भक्तीने नव्हे. मग सगळ्यांनी उभं राहून संविधानाची उद्देशिका म्हटली. न्याय, स्वातंत्र्य, समता, बंधुता... एकाचाही आवाज अडखळला नाही. शाळेत आम्हीच पाठ करून घेतली होती ना! मी खुर्चीतून उठले नाही. शेजारची बाई कानाशी लागली, "तब्येत बरी नाही का?" मी म्हटलं, नाही, मळमळतंय.

शेवटी महेशने जाहीर केलं, की सरांचा फोटो आणि उद्देशिकेची चौकट तळमजल्यावरच्या फलकात लावायची, आणि सरांचं ते पट्ट्यांचं पुस्तकही काचेत ठेवायचं, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याला प्रेरणा मिळेल. टाळ्या झाल्या. घरत वहिनी इतका वेळ पदराची गाठ धरून बसल्या होत्या. त्या उभ्या राहिल्या. "पुस्तक मी देनार नाय. आन फोटोचं आसं हाय, ती चिठ्ठी पयली काडा, मंग फोटो लावा. माजा मानूस त्या चिठ्ठीच्या बाजूला उबा रानार नाय. जित्तेपनी जिना चडला तो त्याच्यापायीच."

महेश जागेवरून उठला, त्यांच्याजवळ गेला, वाकून नमस्कार केला आणि अत्यंत नम्रपणे म्हणाला, "काकू, तुमच्या भावना समजतात. पण ते सभेत ठरलंय. आता सभेतच बदलावं लागेल. सरांनीच शिकवलंय आम्हाला, प्रोसिजर."

आज त्या फलकात सगळंच आहे. वहिनींनी फोटो दिला नाही तर व्हॉट्सअ‍ॅपवरून काढून छापला. एका बाजूला सर, मध्ये उद्देशिका, आणि दुसऱ्या बाजूला महेशचं गोल अक्षर. लोक लिफ्टची वाट बघत तिथे उभे राहतात आणि फोनमध्ये बघतात. कुणाला काही टोचत नाही. मी जिन्याने जाते.

तक्रार आता वहिनींच्या नावाने पुढे चालू आहे, अर्जावर दुसरी सही माझी. पुढची तारीख मिळाली आहे, आमच्याही आणि फाईलच्याही नशिबाने साहेब त्या दिवशी जागेवर असतील तर बघू. परवा त्या कार्यालयातून परतताना वहिनी मला म्हणाल्या, "बाई, तो ठराव रद्द झाला ना, तं महेशला तो फाडू देवाचा नाय." मी चमकून बघितलं. "त्याच्यावं पट्टी लावाची. यांच्यासारखी, एका कडेन. रद्द झाला आसं लिवाचं. त्याची पोरं मोटी होतील, वाचाला लागतील. पट्टी उचलून बगू दे त्यांना, बापान काय लिवलंता."

त्यांच्या घरी सरांचं टेबल तसंच आहे. पुस्तक मिटत नाही, म्हणून त्याच्यावर पाटा ठेवलाय. खळीची ती वाटी वहिनींनी घासून खिडकीत पालथी घातली आहे, ब्रश तिच्यावर आडवा, शेजारी मोरचुदाची पुडी. मी रोज संध्याकाळी वर जाते. दारात समोरच्या कुलपाला एकदा हात लावते, आत जाते, त्या वाटीकडे बघते आणि विचारते, "वहिनी, खळ शिजवायची का?"

त्या खिडकीतून मान न वळवता म्हणतात, "आजून नाय."